पहिलं वांगं बाळाबाईचं

११ मे

डॉक्टरांनी सांगितलंय, यांच्या गोळ्या, खोकला आणि हाताची थरथर रोज लिहून ठेवा. म्हणून हे लिहिणं. डायरी औषधाच्या दुकानदाराने जानेवारीत फुकट दिलेली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी पाठीवर पंप घेतलेला एक माणूस हसतोय. तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत, आणि हसतोय. फेब्रुवारीत हेही असेच फडकं न बांधता वांग्यावर फवारायला गेले आणि सरीतच आडवे झाले. सांगलीच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "पंप धुतला का गं?"

आज खोकला कमी. थरथर आहे तशीच. शर्टाची बटणं मीच लावली. बटणं लावताना हे भिंतीकडे बघत राहतात.

पुन्हा पंपाला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. हे म्हणाले, "बरं." यांचं 'बरं' म्हणजे काय, ते मला लग्नापासून ठाऊक आहे.

१४ मे

सकाळी गोठ्यामागे खुडखुड ऐकू आली म्हणून गेले, तर हे पंपाचा नळ साफ करत बसलेले. मी पंप हिसकावून घेतला. चांगलीच जुंपली आमची.

"मग वांगं सोडू काय?" म्हणाले. "सांगलीत व्यापारी माझं नाव सांगून माल इकतोय."

ते खरंच आहे. कृष्णेच्या मळीतलं, काठच्या गाळाच्या रानातलं, आमचं जुनं वांगं, पांढऱ्या रेघांचं, काटेरी देठाचं. सासूबाईंच्या आधीपासून घरचंच बी. आणि गंमत अशी की या घरात वांगं कोणी खात नाही. आम्ही जैन, पोटात नुसत्या बिया असलेलं वांगं आमच्यात बहुबीज, म्हणून यांना लहानपणापासून त्याग, मी माहेरीही कधी खाल्लं नाही आणि लग्नानंतर साध्वी माताजींकडून न खाण्याचा नियमच घेतला. पाहुणे हसतात, म्हणतात, पिकवता आणि तोंडात घालत नाही. मी म्हणते, सोनार तरी कुठे सोनं खातो.

पंप माळ्यावर टाकलाय. शिडी शेजाऱ्याकडे दिली.

१८ मे

आर्जव आला. पोराने शेतीची पदवी घेतली आणि आता सांगलीच्या विश्रामबागेत पंख्याखाली बसून दुसऱ्यांची माती तपासतो. जेवण झाल्यावर खिशातून कागदाची पुडी काढली. बी होतं. ना नाव, ना शिक्का.

"हे बीटी वांगं हाय आई. अळी मारणारा गुण झाडातच घातलाय. फळ पोखरणारी अळी खाती आनि मरती. त्या अळीसाठी फवारणीच नको."

मातीतल्या एका जंतूचा गुण उचलून वांग्यात बसवलाय म्हणे. अळीच्या पोटात त्याचं विष होतं, माणसाच्या पोटात होत नाही. बांगलादेशात लोक कितीतरी वर्षं पिकवतात नि खातात. मी विचारलं, मग आपल्याकडे दुकानात का मिळत नाही? तर म्हणाला, सरकारने थांबवलंय. काही शास्त्रज्ञ म्हणतात अजून तपासायला हवं, माणसावर वर्षानुवर्षांनी काय होतं ते बघायला हवं, शिवाय याचे पराग जुन्या वांग्यात मिसळले तर जुनं बी शुद्ध राहायचं नाही.

"मग तुला कुठनं मिळालं?"

"मित्राकडनं."

"म्हंजे चोरून."

"आई, अण्णा फेब्रुवारीत गेले असते."

पुडी देवघराच्या फळीवर ठेवली, मग वाटलं तिथे नको, म्हणून उचलून डाळीच्या डब्यामागे ठेवली. तिथेही नको वाटलं.

१९ मे

आज काही सुधरलं नाही. ताकात दोनदा मीठ घातलं.

अळी हासुद्धा जीवच. पंपाने आम्ही अळी मारतो, सोबत मधमाशी, लाल ठिपक्यांचे किडे, कोळी, सगळं सरसकट मारतो. शेती म्हटली की पोटापाण्यासाठी करावी लागणारी उद्योगी हिंसा आलीच, ती गृहस्थाला सुटत नाही, हे लहानपणापासून ऐकलंय. पण हे नवं झाड फक्त त्याला खाणाऱ्या अळीला मारणार. म्हणजे हिंसा कमी झाली. की वाढली? पंप मारणारा हात थांबला तरी थांबतो. झाड रात्रंदिवस मारत उभं राहणार, आम्ही बस्तीत, देवापुढे पूजेला बसलो असू तेव्हाही. आणि मग तो हात कुणाचा? आर्जवचा, माझा, की त्या जंतूचा?

हे म्हणाले, "एवढा इचार करून अळीला काय फरक पडणार हाय?" आणि चहा मागितला. कपातला चहा बशीत सांडला, बशीतला धोतरावर.

बी टाकायचं ठरलं. हे कुणाला सांगायचं नाही, असं आर्जवने दोनदा बजावलंय.

१८ जून

लावण झाली. निम्म्या रानात, विहिरीच्या बाजूला, नवं. पल्याडच्या निम्म्यात आमचं जुनं.

लावायला बाळाबाई आणि तिची सून माया. बाळाबाई सासूबाईंच्या वेळेपासून आमच्या रानात येते. नवी नवरी म्हणून मी आले तेव्हा खुरपं कसं धरायचं ते हिनेच शिकवलं. वयाने मोठी, तिला कोणी अडवत नाही, मनात येईल ते बोलते.

"वैनी, ही रोपं वायली, हिरीकडं कशाला लावालाय?"

"आर्जवनं आणलीत. नवी जात हाय."

"कसली?"

"कालिजातली असंल काय तरी. मला काय कळतंय त्यातलं."

खोटं बोलले नाही. नवी जातच आहे. बाळाबाईने रोप उलटं-सुलटं करून बघितलं आणि लावलं. मायाला सहावा महिना लागतोय, तिला मी वाकू दिलं नाही, बांधावर बसून रोपं मोजून द्यायला लावली.

यांचा खोकला : नाही. थरथर : आहे.

११ जुलै

बस्तीत चातुर्मासासाठी महाराज आलेत. प्रवचनानंतर बायका शंका विचारतात. मीही आडून विचारलं, म्हटलं, एका गृहस्थाने असं पीक लावलं की कीड मारणारं औषध फवारावंच लागत नाही, पण पीक स्वतःच कीड मारतं, तर दोष किती?

महाराज म्हणाले, "हेतू बघावा, बाई. जीव वाचवण्याचा हेतू असेल तर दोष हलका होतो. आणि जे करताना लपवावं लागतं, ते आधी तपासून घ्यावं."

हेतू! मी तेच म्हणत होते. यांचा जीव वाचावा, किड्यांचा जीव वाचावा, दोन्ही हेतू चांगलेच. घरी येताना पाय हलके झाले होते. रस्त्यात आर्जवला फोन करून सांगितलं, महाराजांनी दोष हलका आहे म्हणून सांगितलं.

२ ऑगस्ट

जुन्या रानावर माणूस लावून फवारणी केली. हे दिवसभर घरात, दारं-खिडक्या बंद, तोंड एवढं फुगलेलं. "मला कोंबडीगत डालून ठिवलंय," म्हणाले.

विहिरीकडच्या नव्या झाडांवर काही नाही केलं. फुलं लागलीत, त्यांवर मधमाश्या परत आल्यात. पानांवर लाल ठिपक्यांचे किडे फिरताना बघितले, किती वर्षांनी. यांना हाताला धरून दाखवायला नेलं. हे वाकून बघत राहिले. म्हणाले, "आयच्या वक्ताला असायचे हे."

नदी वाढतेय म्हणतात. आमचं रान उंचावर आहे, तरी दोनदा जाऊन बघून आले.

१७ ऑगस्ट

पहिली वांगी निघाली.

आमच्याकडे पहिलं वांगं बाळाबाईचं. ही सासूबाईंची रीत. घरात कोणी खात नाही, मग चव कळणार कुणाला? आणि चव कळल्याशिवाय बी कुठल्या झाडाचं धरायचं? म्हणून पहिल्या तोड्याची वांगी ओळीओळीने बाळाबाईकडे जातात, ती घरी करून खाते, आणि पुढे जे झाड चवीला उतरलं त्याला तांबडा धागा बांधते. धागा बांधलेल्या झाडाचं फळ तोडायचं नाही, पिवळं होऊ द्यायचं. त्याचं बी आम्हाला, थोडं बाळाबाईला. ती ते खंडाळ्याला दिलेल्या लेकीकडे पाठवते. तिकडेही आता मळीचं वांगं होतं म्हणे, अर्थात मळीशिवाय.

आज तिच्या टोपलीत जुनी वांगी घातली आणि नवीही. सांगावं का, असं क्षणभर मनात आलं. पण सांगितलं असतं तर चव मोकळ्या मनाने कशी घेतली असती? आधीच कान भरलेल्या माणसाच्या जिभेवर काय भरवसा. खरी चव कळायची तर न सांगणंच बरं. आर्जवही तेच म्हणाला असता.

१९ ऑगस्ट

निकाल! बाळाबाई म्हणाली, "नवं बी ब्येस हाय. जरा पचपचीत, पर वाईट न्हाई." मग म्हणाली, "वैनी, एक बी किडकं निघालं न्हाई. औषध लय मारलं व्हय?"

मी छाती काढून सांगितलं, "एक थेंब न्हाई."

"मग अळी गेली कुठं?"

"देवाची किरपा म्हणायची."

बाळाबाई हसली. मग मायासाठी म्हणून तीच वांगी मागून नेली. पोरीला डोहाळे वांग्याचे लागलेत आणि बाजारातल्या फवारलेल्या मालाची बाळाबाईला भीती वाटते. मला इतकं बरं वाटलं! पोटुशी बाईच्या पोटात विषाचा थेंब नसलेलं अन्न माझ्या रानातून जातंय. रोज थोडी पाठवणार आहे, पैसे घेणार नाही.

६ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. दशलक्षण पर्वाचा शेवट, मला उपवास. आर्जव सुट्टीला आला. दुपारी विहिरीच्या कट्ट्यावर उभा राहून मित्राशी फोनवर मोठमोठ्याने बोलत होता, बीटीचं वांगं किती निघालं, अळी एक नाही, कुणाला पत्ता नाही. मी हातवारे करून गप्प बसवलं. रानात तेव्हा कोणी नव्हतंच, बाळाबाई तेवढी पलीकडे जनावरांना गवत कापत होती. तरी धसका बसला. उपवासाने डोकंही दुखत होतं.

८ सप्टेंबर

क्षमावाणी. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागायची. सकाळपासून मोबाईलवर निरोपांचा पाऊस, मीही पुण्या-मुंबईपर्यंत सगळ्यांना एकच निरोप पाठवून मोकळी झाले. गल्लीत घरोघरी जाऊन आले. जाऊबाईंशी दोन वर्षं अबोला होता, त्यांचेही पाय धरले.

रानात बाळाबाई दिसली, तिच्यापुढेही हात जोडले. "कळत-नकळत काय चुकलं असंल तर क्षमा करा, बाळाबाई."

दर वर्षी ती "असूं द्या वो" म्हणते. आज खुरपं खाली ठेवलं आणि विचारलं, "काय चुकलं तुमचं?"

मला हसू आलं. म्हटलं, "आवं, असं म्हणायची रीत असती."

"रीत व्हय," म्हणाली. खुरपं उचलून त्याची माती झटकली. मग म्हणाली, "बरं," आणि खुरपायला बसली.

म्हातारी होत चाललीये. दर वर्षीची गोष्ट विसरली.

१६ सप्टेंबर

मायासाठी ठेवलेली वांगी बाळाबाई न्यायला विसरली. कट्ट्यावर तशीच सुकली.

२१ सप्टेंबर

आजही विसरली. हाक मारून आठवण केली तर म्हणे, "मायाला आता नगं वाटतंय." डोहाळे असतातच तसे, आज हवं तर उद्या नको. चहा ठेवला होता, तोही घेतला नाही. दाढ दुखत असणार. लवंग दिली, ती घेतली.

२८ सप्टेंबर

दाढ नाही. विचारलं तर म्हणाली, "दातं बरी हायती माझी."

मग काय बिनसलंय? मजुरी वाढवून हवी असेल. तसं स्पष्ट बोलणारी बाई, पण हल्ली तुटक बोलते, 'व्हय' आणि 'न्हाई' यापलीकडे जात नाही. मी आपण होऊन मजुरी वाढवली, सणाला साडी देईन म्हणाले. बाळाबाईने मान हलवली, खूश झाल्यासारखी काही दिसली नाही. माणसाला किती केलं तरी कमीच.

४ ऑक्टोबर

आज यांनी शर्टाची बटणं स्वतः लावली. वरचं एक चुकून खालच्या काजात गेलं होतं, तरी मी काही बोलले नाही. तसेच मिरवत सांगलीला माल घेऊन गेले. व्यापाऱ्याने वांगी हातात घेऊन विचारलं म्हणे, "महावीरअण्णा, एकबी भोक न्हाई, काय जादू केली?" हे म्हणाले, "पोरगं शिकलंय." संध्याकाळी सांगताना डोळे चमकत होते.

या एका बटणासाठी मी दहा पुड्या डाळीच्या डब्यामागे लपवल्या असत्या. कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

१२ ऑक्टोबर

आज धाग्यांचा दिवस होता. बाळाबाईने धागे बांधले, पण कुठे? पार पल्याडच्या कडेला, बांधाजवळच्या जुन्या झाडांना. नव्या झाडांना एकही नाही.

"चव ब्येस हाय म्हणला हुता की. धागा का न्हाई?"

"त्येचं बी धरायचं का न्हाई, ते तुमी ठरवा."

"धागा तुमी बांधायचा असतो."

"जे ठावं न्हाई त्येला मी धागा बांधत न्हाई, वैनी."

जे ठावं न्हाई! महिनाभर घरी नेऊन खाल्लं आणि आता ठावं न्हाई. राग आला होता, पण गिळला. आर्जवला फोन केला तर तो उलट म्हणाला, "बरं झालं. या वर्षी बीच धरू नको आई, जुन्याचंबी न्हाई. माश्या दोन्हीकडं फिरल्यात." मेमध्ये ओझरतं बोलला होता, पण लावणीच्या वेळी सांगायला काय झालं होतं? अर्धं रान नवं, अर्धं जुनं लावताना मधे एवढीशी सरी सोडली होती. ज्या मधमाश्या परत आल्या म्हणून मी कौतुक करत होते, त्याच इकडचं तिकडे करत होत्या.

सासूबाईंचं बी. चार पिढ्यांचं. पण बी गेलं तर दुसरीकडून मागून आणता येईल, मळीतल्या दुसऱ्या कुणाकडे असेलच. असेल ना?

३ नोव्हेंबर

मायाला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. मला गल्लीतल्या अंबूबाईकडून कळलं. बाळाबाईने मला सांगितलं नाही. तीस वर्षांत तिच्या घरची बातमी दुसऱ्याकडून कळायची ही पहिलीच वेळ.

झबलं आणि डिंकाचे लाडू घेऊन गेले. माया गोड हसली. बाळाबाईने लाडवांचा डबा घेतला, झाकण उघडून बघितला आणि विचारलं, "ह्यात काय काय घातलंय?"

मी सगळं सांगितलं, खोबरं, खारीक, तूप, डिंक. ती ऐकत राहिली. असं ती कधी विचारत नाही.

९ नोव्हेंबर

आर्जव घाबराघुबरा आला. कुठेतरी विनापरवाना बियाण्याची तपासणी झाली म्हणे, त्याच्या मित्राला बोलावणं आलंय. नवी झाडं उपटून जाळायची, आजच. मी म्हटलं, इतकी लगडलेली झाडं? तो ऐकेना.

आम्ही तिघं रानात गेलो. मी म्हटलं, बाळाबाईला बोलावू का हाताखाली, तर आर्जव ओरडला, "आई, डोकं हाय का? तिला कशाला कळाय पायजे?"

हे वाकून झाड उपटत होते. ताठ झाले.

"कशाला म्हंजे?" मला म्हणाले, "बाळाबाईला सांगितलं न्हाईस तू?"

"कुणाला सांगायचं न्हाई असं ठरलं हुतं की."

"कुणाला म्हंजे बाजारात, गावात. तिला?" यांचा आवाज चढला होता. "आगं, मला वाटलं तिला म्हाईत हाय. म्हाईत हाय म्हणून खाती. आपण खात न्हाई, गुणे. ती खाती."

मी म्हटलं, बाजारातले लोकही खातात, त्यांना तरी कुठे सांगितलं?

"ते बी वाईटच केलं," म्हणाले. "पर त्यांनी आपल्या भरवशावर सुनंला चारलं न्हाई."

मग सगळी झाडं यांनी एकट्याने उपटली. मला हात लावू दिला नाही. धूर डोळ्यांत जात होता म्हणून मी बांधावर जाऊन बसले.

१० नोव्हेंबर

पूजेत मन नव्हतं. किती महिने मी अळीचा हिशेब मांडत होते, मधमाशीचा, लाल ठिपक्यांच्या किड्याचा. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळे जीव मोजले. बाळाबाई आणि तिची सून त्यात नव्हत्या. मला लाज वाटतेय. दुसरा शब्द नाही.

११ नोव्हेंबर

गेले. बाळाबाई अंगणात बाळाची दुपटी वाळत घालत होती. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पुडीपासून धुरापर्यंत. ती दुपटी झटकत राहिली.

"मला ठावं हाय," म्हणाली.

"कवापासून?"

"तुमचा आर्जव हिरीवर फोनवर बोलला तवापासून. मी गवतात हुते."

"मग बोलला का न्हाईसा?"

"इचारलं की. हात जोडून आला हुतासा. काय चुकलं तुमचं, म्हणून इचारलं मी. वाटलं, आता सांगतील."

तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, बांगलादेशात लोक खातात, मायाला काही झालं नाही, पोरगी गुटगुटीत आहे.

"व्हय, न्हाई झालं. पर हुणार न्हाई, हे तुमाला तरी कुठं ठावं हुतं?" दोरीवरचं दुपटं तिने सरळ केलं. "वैनी, बी वाईट हाय असं मी म्हणत न्हाई. अण्णाचा हात थरथरायचा ऱ्हायला, ते मी बी डोळ्यानं बघितलं. मला आदी इचारलं असतं तर मी कदाचित व्हय बी म्हणले असते. मी खाल्लं असतं, मायाला दिलं नसतं. येवढंच."

आत जाऊन तांबड्या धाग्याची गुंडी आणून माझ्या हातात दिली. "खंडाळ्याला सांगून ठिवलंय, यंदा बी येणार न्हाई. आनि आता चव घ्याला मी यायची न्हाई. जी खाईल तिनं बांधावा."

बाळ रडायला लागलं, ती आत गेली. मी थोडा वेळ थांबले. चहा विचारायला ती बाहेर आली नाही.

२० नोव्हेंबर

हे म्हणतात, पुढच्या वर्षी थोडंच लावू, फवारणी शक्य तेवढी कमी, किडकं निघेल ते जनावराला घालू. व्यापारी तोंड फिरवेल. हे म्हणतात, फिरवू दे. काल पुन्हा शिडी कुठे आहे म्हणून विचारत होते. मी सांगितली नाही.

मळीतल्या सगळ्यांकडे जुन्या बियाची चौकशी केली. जो तो दुकानातली पाकिटं आणतो. शेवटचं बी आमचंच होतं, तेही बांधाजवळच्या त्या धागेवाल्या झाडांवर, शुद्ध राहिलं असेल तर.

२६ नोव्हेंबर

चंपाषष्ठी. आज अख्ख्या गावात भरीत. चार महिने वांगं सोडलेले लोक आज तुटून पडतात, गल्लीभर चुलीवर भाजल्याचा वास.

सकाळी धागेवाल्या झाडांपैकी एकाचं कोवळं वांगं तोडलं, बियासाठी पिवळी होत असलेली तशीच ठेवली. घरी आणून भाजलं, मीठ-तिखट घातलं. नियम मोडतेय हे मला माहीत होतं. माताजींपुढे जाऊन प्रायश्चित्त घेईन, पण न खाता खाऊ घालण्याचं प्रायश्चित्त कुठलं, ते पुस्तकात नाही. हे समोर बसून बघत होते, अडवलं नाही.

एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला.

"कसं हाय?" यांनी विचारलं.

मला सांगता येईना. मऊ होतं, थोडं गोड, मागून तुरट. हे चांगलं असतं की वाईट? मळीचं म्हणतात ते हेच का? जन्मभर पिकवलं आणि ताडून बघायला जिभेपाशी काही नव्हतं. धाग्याची गुंडी पदराला होती, ती तशीच राहिली. उरलेलं भरीत वाटीत काढलं आणि बाळाबाईच्या घरी गेले.

ती दारातच बसली होती, मांडीवर नात. मी म्हटलं, "मी खाल्लं, बाळाबाई. मला काय कळलं न्हाई."

तिने माझ्याकडे बघितलं, मग वाटीकडे.

"कुठल्या झाडाचं?"

"पल्याडच्या कडंचं. तुमचा धागा हुता त्याचं, जुनं. यावर औषध दोनदा मारलंय, शेवटचं दिवाळीआधी. आनि माश्या फिरल्यात, आतलं बी निव्वळ जुनंच हाय का, ते मला सांगता येत न्हाई. मायाला देऊ नका."

नातीची मूठ सोडवून तिने आपलं बोट त्यात दिलं.

"ठिवा तितं," म्हणाली. "खायाचं का न्हाई, मी बघीन."

मी वाटी उंबऱ्याशी ठेवली आणि घरी आले.